हाफ-बॅकवरून पळताना: आधी बघा, मग ठरवा, मग पाय

मेलबर्न, सिडनी, पर्थ, कुठल्याही लोकल फूटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) क्लबात आपला एखादा मराठी पोरगा किंवा पोरगी नवीन आली आणि पाय जरा वेगवान दिसले की कोच बहुतेक वेळा विंग देतो नाहीतर हाफ-बॅक, म्हणजे डिफेन्समधून बॉल पुढे नेणारी जागा. हाफ-बॅक मिळालं की बाउंड्रीवरून घरच्यांचा एकच गजर सुरू, "पळ, पळ!" आणि इथेच सगळं बिघडतं. बॉल हातात आला की आधी पळायचं आणि पाच-सहा पावलं गेल्यावर विचार करायचा की आता द्यायचा कुणाला. तोवर समोर दोन जण येऊन ठाकलेले असतात, मग घाईत किक, बॉल थेट समोरच्या टीमच्या छातीवर आणि पुढच्या दहा सेकंदांत आपल्यावर गोल. मोठ्यांच्या रिझर्व्ह्ज टीममध्येही हेच बघतो मी, वयाचा काही संबंध नाही.

वेग कमी पडतो म्हणून हे होत नाही, क्रम उलटा असतो म्हणून होतं. रनिंग डिफेंडरचा निर्णय बॉल हातात यायच्या आधी झालेला असायला हवा, पाय त्याच्यानंतर. खाली तोच क्रम लावलाय. मूळ नियम तुम्हाला माहीत आहेत असं धरतो, जिथे नियमामुळे निर्णय बदलतो तेवढंच सांगेन.

१. मॅचच्या आधी: ग्राउंड, वारा, स्वतःची किक

वॉर्म-अपच्या आधी ग्राउंड चालून बघा. फूटीची ग्राउंडं एका मापाची नसतात. एमसीजी साधारण १६० मीटर लांब आणि १४१ रुंद, तर जिलाँगचं कार्डिनिया पार्क १७० लांब पण रुंदीला फक्त ११५ च्या आसपास. याचा तुमच्याशी थेट संबंध आहे कारण रुंद ग्राउंडवर बॉल या बाजूहून त्या बाजूला स्विच केला की पलीकडे खरंच मोकळी जागा मिळते, अरुंद ग्राउंडवर तुमची दुसरी किक पोचेपर्यंत समोरची टीम सरकून तिथे हजर असते. लोकल ग्राउंडला तर कुठे क्रिकेट पिच मधोमध चिखल झालेलं असतं, कुठे एक पॉकेट (गोलजवळचा कोपरा) उताराचं. कुठल्या भागात बाउन्स नीट येणार नाही ते आधीच पायाखालून घाला.

वारा प्रत्येक क्वार्टरला बघा. समोरच्यांच्या पाठीशी वारा असेल तर त्यांची लांब किक तुमच्या डोक्यावरून जाणार, म्हणून दोन-चार मीटर मागे राहा. ते वाऱ्याविरुद्ध मारत असतील तर बॉल अलीकडेच पडतो, मग माणसाच्या पुढे उभं राहायची हिंमत करता येते. नवीन पोरं चारही क्वार्टर एकाच अंतरावर उभी राहतात आणि मग म्हणतात बॉल आज कुठून कुठे पडत होता कळलंच नाही.

तिसरी गोष्ट, स्वतःची किक मोजा. उभ्याने मारलेली नाही, पळता पळता मारलेली, आणि दुसऱ्या पायाचीसुद्धा. उभ्याने ४५ मीटर जाणारी किक मागे कुणी लागलं असताना सहज ३५ वर येते, आणि ४० मीटरवरचा माणूस "मोकळा" दिसला म्हणून तुम्ही त्याला देता तेव्हा मधले पाच मीटर समोरच्याला दान केलेले असतात.

शरीराबद्दल थोडक्यात. एएफएलमध्ये (ऑस्ट्रेलियातली सगळ्यात मोठी फूटी लीग) वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त होणारी दुखापत म्हणजे हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू), आणि थांबलेल्या अवस्थेतून एकदम फुल स्पीड हे रनिंग डिफेंडरचं रोजचं काम. नुसते ग्राउंडचे राउंड मारून ही तयारी होत नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा नीट वॉर्म-अप करून खऱ्याखुऱ्या फुल स्पीडच्या छोट्या स्प्रिंट मारा, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन, आणि नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचा व्यायाम (गुडघ्यांवर बसून, घोटे धरून ठेवलेले असताना हळूहळू पुढे झुकायचं) चालू ठेवा. मॅचच्या दिवशी वॉर्म-अपच्या शेवटी वेग चढवत नेणाऱ्या तीन-चार धावा हव्यातच.

*तपासा:* कोचकडून चार उत्तरं मिळाली का? माझा माणूस कोण. मला त्याला सोडायची परवानगी कधी. मी पुढे गेलो तर मागे कोण थांबणार. किक-इन (समोरच्यांना एकच पॉइंट मिळाल्यावर आपल्या गोलसमोरून घ्यायची किक) कोण घेणार. यातलं एकही उत्तर धूसर असेल तर पुन्हा विचारा, लाजू नका.

२. बॉल त्यांच्याकडे असताना उभं कुठे राहायचं

गोल-साइड राहायचं, म्हणजे आपला गोल आणि तुमचा फॉरवर्ड यांच्या मध्ये, हे सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते अंग कुठे वळलंय यात. पूर्ण बॉलकडे तोंड केलंत की माणूस पाठीमागून निसटतो, पूर्ण माणसाकडे केलंत की किक कधी झाली तेच कळत नाही. थोडे आडवे उभे राहा, एका नजरेत दोघे दिसतील असे, एक पाय मागे, वजन टाचांवर नको.

अंतराचा माझा ठोकताळा असा: बॉल दोन किक लांब असेल तर माणसाला सोडून आत कॉरिडॉरच्या (ग्राउंडच्या मधल्या पट्ट्याच्या) बाजूला दहा-बारा मीटर, एक किक लांब असेल तर तीन-चार मीटर, आणि मारणारा मोकळा असून बॉल थेट तुमच्या भागात येऊ शकत असेल तर हात लागेल इतकं जवळ. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत, तुमचा माणूस फार वेगवान असेल तर कमी करा. पण बॉल हलला की तुम्हीही हलायचं हे मात्र पक्कं. प्रत्येक किकला दोन-चार पावलं सरकायचंच. पोरं पहिल्या किकला बरोबर जागा घेतात आणि मग तिथेच खिळून राहतात, सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

महिलांच्या एएफएलडब्ल्यूमध्ये १६ विरुद्ध १६ असतात आणि काही ज्युनिअर लीगमध्ये त्याहून कमी. माणसं कमी म्हणजे जागा जास्त, त्यामुळे तिथे माणसाला सोडून जाताना दोनदा विचार करा, मागे झाकायला कुणी नसण्याची शक्यता जास्त असते.

*तपासा:* प्रत्येक स्टॉपेजला, म्हणजे खेळ थांबल्यावर अंपायर बॉल वर टाकायच्या किंवा बाउंड्रीवरून थ्रो-इन व्हायच्या आधी, मान दोन्ही खांद्यांवरून वळवा आणि स्वतःला विचारा, "आत्ता बॉल माझ्याकडे आला तर कुठे जाणार?" उत्तर तयार नसेल तर तुमचा वेग काही कामाचा नाही. अख्ख्या लेखातली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला.

३. माणूस सोडू की नको

बॉल येताना दिसला की अंग आपोआप तिकडे ओढलं जातं. थांबा. तीन प्रश्न, याच क्रमाने.

मारणाऱ्यावर दबाव आहे का? असेल तर किक उंच आणि आखूड येणार, सोडून जायला चांगली संधी. तो आरामात मान वर करून बघत असेल तर सोडू नका, तुम्ही निघालात की तो नेमका तुमच्याच माणसाला देणार.

मी वेळेवर पोचणार का? "बहुतेक" असं उत्तर आलं तर नाही.

माझा माणूस कुणी घेतला का? यासाठी तोंड उघडायला लागतं. नाव घेऊन हाक मारा, समोरून "हो" आलं की मगच निघा. आपली नवीन मुलं इथे फार गप्प असतात, इंग्रजीचा संकोच असतो, कधी वयाने मोठ्या खेळाडूला ओरडून सांगणं बरं वाटत नाही. ग्राउंडवर ते सगळं बाजूला ठेवा. न ओरडता माणूस सोडणं म्हणजे मागच्या फुल बॅकवर एकट्याने दोघांना सांभाळायची वेळ आणणं.

खो-खो खेळून आलेल्यांना एक खास सूचना. खो-खोत चेसरने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही, त्यामुळे निघालो म्हणजे निघालो ही सवय अंगात मुरलेली असते. हाफ-बॅकला बॉल बुटातून सुटेपर्यंत निर्णय बदलायची पूर्ण मोकळीक आहे. दोन पावलं पुढे जाऊन परत माणसाकडे येणं ही चूक नाही, उलट चांगले डिफेंडर असं फसवूनच मारणाऱ्याला दुसरीकडे बघायला लावतात. खो-खोतलं खाली वाकून वळणं मात्र जसंच्या तसं वापरा, ते इथे सोन्यासारखं आहे.

४. हवेतला बॉल: मूठ की मार्क

तुम्ही पुढे आहात, बॉल स्पष्ट दिसतोय, कुणी अंगाला भिडलेलं नाही: मार्क घ्या, म्हणजे किक हवेतच पकडा. यातलं एकही नसेल तर मूठ मारून स्पॉइल, आणि तोही बाउंड्रीच्या बाजूला, गोलसमोर नाही. उंच खेळाडू वर उडत असतील आणि तुम्ही छोटे असाल तर तिसरा म्हणून त्या गर्दीत घुसू नका, खाली बॉल सांडेल तिथे थांबा. रनिंग डिफेंडरला अर्धे बॉल तिथेच मिळतात.

५. बॉल हातात आल्यावरचे पहिले दोन सेकंद

मार्क घेतली असेल तर तुमच्याकडे एक मोठं हत्यार आहे. २०२१ पासून एएफएलमध्ये मार्कवर (मार्क घेतली त्या जागेवर) उभ्या असलेल्या समोरच्या टीमच्या माणसाला अंपायरने "स्टँड" म्हटलं की आजूबाजूला हलता येत नाही, हलला तर ५० मीटरची पेनल्टी. म्हणजे तुम्ही रेषेतून बाजूला निघालात की अंपायर "प्ले ऑन" म्हणेपर्यंत तो जागेवर आणि तुम्ही एक-दोन पावलं पुढे. वेग वापरायची सगळ्यात स्वस्त जागा ही. पण कधी? पुढच्या किकचा माणूस तुम्हाला *आधीच* दिसला असेल तेव्हाच. नाहीतर शांतपणे मागे या, बॉल दोन्ही हातांत, डोळे वर.

आणि मार्क घेऊन पाठ फिरवून मागे चालत जाऊ नका. बॉलवाला पाठ करून चालला की आपले धावणारे त्याला दिसत नाहीत, समोरच्यांना मात्र जागा भरायला हवा तेवढा वेळ मिळतो. उलटं चाला, तोंड पुढे.

जमिनीवरून बॉल उचलला असेल तर गोष्ट वेगळी, इथे वेळ नसतो आणि कान वापरायचे. सोबतचा "हॉट" ओरडला की लगेच द्या, "टाइम" म्हणाला की वळून बघा. दोन्हीपैकी काहीच ऐकू आलं नाही तर हॉट आहे असं समजा.

बघायचा क्रम: आधी आत कॉरिडॉरकडे, मग समोर, मग पलीकडची मोकळी बाजू, शेवटी बाउंड्रीच्या रेषेने लांब किक. बहुतेक जण बरोबर उलटं करतात, आधी लांब किक दिसते आणि तीच मारली जाते. कॉरिडॉरकडे *बघायला* सांगतोय, तिकडे मारायलाच हवं असं नाही. आत चुकलेली किक सगळ्यात महाग पडते, म्हणून शंका आली की बाहेरच.

*सावधान:* बाउंड्रीबाहेर मुद्दाम ढकलायचा मोह टाळा. बॉल आत ठेवायचा पुरेसा प्रयत्न दिसला नाही तर फ्री किक जाते. साउथ ऑस्ट्रेलियाच्या एसएएनएफएल लीगमध्ये तर २०१६ पासून किक किंवा हँडबॉलने (मुठीने मारलेल्या पासने) बॉल बाहेर गेला की ज्याने शेवटचा दिला त्याच्या विरुद्ध फ्री किक. आपल्या लीगचा नियम सीझन सुरू व्हायच्या आधी विचारून घ्या. तसंच दबाव नसताना बॉल मुद्दाम बिहाइंडला (समोरच्यांना एकच पॉइंट देऊन) ढकलला तरी फ्री किक, आणि तीही गोलच्या तोंडाशी.

६. बॉल घेऊन पळणं

आता पाय. नियम असा की बॉल घेऊन पळताना निदान १५ मीटरला एकदा बाउन्स किंवा जमिनीला टेकवणं हवं. फुल स्पीडला एक पाऊल साधारण दोन मीटरचं धरलं तर सात पावलांत १४ मीटर होतात. म्हणून सहाव्या पावलापर्यंत बाउन्स, असं पाठ करा. पळताना मीटर मोजता येत नाहीत, पावलं मोजता येतात. जितका वेग जास्त तितका बाउन्स पुढे टाका, नाहीतर बॉल मागे राहतो. ओल्या ग्राउंडवर बाउन्स विसरा, वाकून टेकवा.

बाउन्सच्या वेळी डोळे बॉलवर जातात आणि नेमकं तेव्हाच मागून टॅकल येतो. बॉल हातातून सुटलेला असला तरी बाउन्स करताना तो तुमच्याच ताब्यात धरतात, त्यामुळे टॅकल कायदेशीर. शिवाय इतकं पळालात म्हणजे बॉल द्यायची संधी तुम्हाला आधीच मिळालेली आहे, पकडले गेलात आणि लगेच नीट किक किंवा हँडबॉल झाला नाही तर होल्डिंग द बॉल, म्हणजे समोरच्यांना फ्री किक. म्हणून पहिला बाउन्स समोर जागा मोकळी असतानाच, आणि दुसऱ्या बाउन्सच्या आधी मान वर करून एक नजर. आयर्लंडहून आलेले टाइग केनेली आणि झॅक टूई लहानपणी गोल बॉलचा गेलिक फुटबॉल खेळलेले, अंडाकृती बॉलचा बाउन्स त्यांनाही मोठेपणी शिकावा लागला, आणि केनेली २००५ मध्ये सिडनीकडून, टूई २०२२ मध्ये जिलाँगकडून प्रीमियरशिप (सीझनचं विजेतेपद) जिंकले. उशिरा सुरू केलं म्हणून घाबरायचं काही कारण नाही, पण रोज बाउन्स मारायला हवा.

दिशा: सरळ रेषेत पळू नका, समोरच्या मोकळ्या डिफेंडरच्या अंगावर जा. त्याला तुमच्याकडे यायलाच लागेल असं करा, तो आला की ज्याला सोडून आला त्याला हँडबॉल. एका माणसाला चुकवायचं, दोघांना नाही. दुसरा दिसला की बॉल द्यायचाच. मला विचाराल तर तिसऱ्या माणसाला चुकवण्याच्या हौसेने जितके गोल खाल्ले जातात तितके वेग कमी पडून खाल्ले जात नाहीत.

७. बॉल नसताना पळणं, जे कुणी शिकवत नाही

२०१६ च्या ग्रँड फायनलमध्ये वेस्टर्न बुलडॉग्जच्या जेसन जोहॅनिसनला हाफ-बॅकवरून पळून नॉर्म स्मिथ मेडल (फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं) मिळालं, आणि तसं पळायचं सगळ्यांनाच असतं. पण अशा खेळाडूचा व्हिडिओ बघाल तेव्हा बॉल हातात यायच्या आधीची पाच सेकंदं बघा. टीव्हीवर ती बऱ्याचदा दिसतच नाहीत, म्हणून शक्य असेल तर ग्राउंडवर जाऊन एकाच हाफ-बॅकवर एक क्वार्टरभर नजर ठेवा. तुमच्या लक्षात येईल की तो बॉल मिळाल्यावर वेग घेत नाही, वेगात असताना त्याला बॉल मिळतो.

हीच ओव्हरलॅप धाव. सोबत्याने मार्क घेतली किंवा बॉल नक्की आपल्याकडे येतोय हे दिसलं की त्याच्या मागून सुटा. तीन गोष्टी पाळा:

- त्याच्या ज्या बाजूला दबाव नाही त्या बाजूने जा. दबावाच्या बाजूने गेलात तर तुमच्यासोबत तुमचा माणूसही तिथे आणून ठेवता.
- त्याच्यापासून तीन-चार मीटर लांबून जा. फार चिकटून गेलात तर एकाच टॅकलरला दोघे सापडतात.
- त्याच्या बरोबरीला यायच्या आधी ओरडा. बरोबरीला आल्यावर ओरडलं तर हँडबॉल पाठीमागे पडतो आणि थांबून वळायला लागतं, मग वेग गेला.

बॉल मिळाला नाही तरी धाव फुकट नाही, तुमचा माणूस तुमच्यामागे ओढला गेला की मागे जागा तयार होते. नवीन पोरं दोनदा बॉल मिळाला नाही की रुसतात आणि पळायचं सोडतात. पालकांनो, गाडीत बसल्यावर "किती पझेशन्स झाली" विचारण्याऐवजी "किती वेळा ओव्हरलॅप गेलास" विचारा, फरक पडेल.

८. किक: पायांपेक्षा बॉल वेगात जातो

२०१८ च्या ग्रँड फायनलची शेवटची मिनिटं. कॉलिंगवुड पुढे, वेस्ट कोस्टच्या जेरेमी मॅकगव्हर्नने डिफेन्समध्ये इंटरसेप्ट मार्क घेतली, किक नेथन व्हार्डीला, मार्क. तिथून लियम रायनला, मार्क. तिथून डॉम शीडला, मार्क आणि बाउंड्रीजवळच्या अवघड कोनातून गोल. वेस्ट कोस्ट ५ पॉइंटने जिंकलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत बॉल गेला तो किक आणि मार्कवर, बाउन्स मारत कुणी पन्नास मीटर पळालं नाही. समोरची टीम अजून जागा घेत असताना पुढची किक सुटत होती, निर्णयाचा वेग म्हणजे हेच.

तुमच्यासाठी यातून काय, तर माणूस मोकळा दिसला की पळणं थांबवा आणि मारा. मारायच्या आधीची दोन पावलं किंचित हळू करा, फुल स्पीडला बॉल पायावर वाकडा पडतो. नजर खाली आणा, म्हणजे लांब गर्दीकडे न बघता २०-२५ मीटरवर मोकळा कोण ते आधी बघा. १५ मीटरपेक्षा आखूड किक घेतली तर मार्क मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. आणि किक माणसाच्या अंगावर नाही, तो जिथे पळतोय त्याच्या पुढे.

स्विच करायचा असेल तर पहिली किक सपाट आणि जोरात. उंच लोंबणारी स्विच किक हवेत असतानाच समोरचे पोचतात, आणि तुमच्या मागे रिकामा गोल असतो.

९. किक-इन

२०१९ पासून किक-इन घेताना स्वतःला किक मारावी लागत नाही, गोल स्क्वेअरमधून (गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनातून) सरळ पळत बाहेर येता येतं, आणि २०२१ पासून मार्कवरचा माणूस स्क्वेअरच्या पुढे १५ मीटरवर असतो. वेगवान पोरांना हे फार आवडतं आणि ती थेट त्या माणसाच्या दिशेने पळतात. तिरपे निघा, दोन्ही बाजूंना एक-एक सोबती ठरवून ठेवा, सहा पावलांच्या आत मारा. गोल अंपायरने बिहाइंडची खूण केली की झेंडा हलवून होईपर्यंत थांबायला लागत नाही, पण घाई तेव्हाच जेव्हा कुणी खरंच मोकळा आहे.

१०. बॉल गेला तर

तुम्ही पुढे गेलेले असताना टर्नओव्हर झाला तर आपल्या माणसाकडे धावू नका, आधी आपल्या गोलच्या दिशेने मधोमध धावा आणि वाटेत माणूस शोधा. माणसाचा पाठलाग केला तर तो नेहमी पुढेच राहणार. आणि दोन्ही हाफ-बॅक एकाच वेळी पुढे गेलेले असतील तर चूक टर्नओव्हर करणाऱ्याची कमी आणि न बोलता गेलेल्या दुसऱ्याची जास्त. एक सुटला की दुसरा थांबतो, हे आधी ठरलेलं हवं.

आठवड्याचा सराव

पहिल्या सेशनला फक्त बघणं: मधे उभे राहा, मागे दोन सोबती, बॉल तुमच्याकडे येत असताना त्यातला एक हात वर करेल, तुम्ही बॉल पकडायच्या आधी मान वळवून कोण ते ओळखायचं आणि पकडल्यावर न थांबता त्याला द्यायचा. हे चालत्या वेगात नीट झालं की जॉगिंगमध्ये, मग तीन-चतुर्थांश वेगात. थेट फुल स्पीडला सुरू केलं तर जुनीच सवय पक्की होते. दुसऱ्या सेशनला सहा पावलं-बाउन्स-सहा पावलं-किक, दोन्ही पायांनी. तिसऱ्याला तीन विरुद्ध दोन, ज्यात बॉलवाल्याने अंगावर माणूस ओढून हँडबॉल द्यायचा आणि देऊन झाल्यावर पुन्हा ओव्हरलॅप जायचं.

महिन्यातून एकदा कोचला सांगून सरावात फॉरवर्ड खेळा. डॅनियल रिओली रिचमंडकडून फॉरवर्ड म्हणून तीन प्रीमियरशिप जिंकून मग हाफ-बॅकला आला. फॉरवर्ड कुठल्या क्षणी सुटतो, कुठे खोटी धाव घेतो, डिफेंडर कधी आपल्याला विसरतो, हे त्या बाजूला उभं राहिल्यावर लवकर कळतं. सराव संपला की तुमच्यावर खेळलेल्या डिफेंडरला विचारा, तू मला कधी सोडलंस आणि का, आणि पुढच्या शनिवारी तोच प्रश्न पहिल्या स्टॉपेजला स्वतःला विचारा.